नऊ अंड्यांची आंघोळ

खुराडं रिकामं होऊन नव्वद दिवस झाले, त्या सकाळी पशुखात्याचा माणूस आला. दारातूनच आत डोकावला, चुन्याच्या वासानं दोनदा शिंकला आणि मांडीवर कागद ठेवून सही करत म्हणाला, "झालं. आता पाळायला हरकत नाही."

"काय पाळू?" दादानं विचारलं.

"कोंबड्याच पाळा की. तुमचा धंदाच तो."

दादा त्याच्याकडे पाठ करून आत गेला. सुनेनं कागद घेतला, घडी घातली आणि फडताळात ठेवला. हसावं की रडावं ते तिला कळेना. कोंबड्या पाळायची परवानगी मिळाली होती आणि घरात कोंबडीचं एक पीस नव्हतं.

चाळीस वर्षं या घरात करड्या कोंबड्या होत्या. राखेच्या रंगाच्या, पायांवर बोटांपर्यंत पिसं असलेल्या, झग्याचा घोळ सांभाळत चालल्यासारख्या चालणाऱ्या. दादानं ती जात हातानं घडवली होती. ठिकठिकाणांहून कोंबडे आणले, नको ते रंग वेगळे काढले, आणि तरुणपणाची चांगली पंधरा वर्षं त्यात घातली. अशी कोंबडी दुसऱ्या कुणाकडे नाही, हे तो जेवताना सांगे, रस्त्यात सांगे, कुणाच्या मयताला गेला तर तिथंही सांगे. गाव त्याला कोंबडेदादा म्हणायचं. त्याला ते नाव मानाचं वाटायचं, आणि गावाला त्याचंच हसू यायचं.

घर चालायचं ते उबवणीच्या अंड्यांवर. लांबलांबचे हौशी लोक पत्र पाठवून अंडी मागवत, आणि डझनाचं खोकं टपालानं जाई. उन्हाळ्याच्या तोंडी साथ आली. पहिल्या दिवशी तिघींनी माना टाकल्या, चौथ्या दिवशी मोजायचं सोडून दिलं. आठव्या दिवशी तोंडं बांधलेली पांढऱ्या कपड्यांतली माणसं आली आणि उरलेल्या जिवंत कोंबड्याही पोत्यात भरून घेऊन गेली. गाडी वळणावर गेली तेव्हा पोत्यातून कोंबडा आरवला. दादा त्या दिवशी जेवला नाही, आणि पुढं जेवायला लागला तरी बोलेनासा झाला.

मुलगा गावाबाहेरच्या अंड्यांच्या कारखान्यात हमालीला लागला. तिथं लांबलचक पत्र्याच्या शेडांत हजारो पांढऱ्या कोंबड्या पिंजऱ्यांत उभ्या असतात. संध्याकाळी तो यायचा तेव्हा खांद्यावरचा सदरा कातडीला चिकटलेला असायचा. बायको कोमट पाण्यानं तो सोडवायची.

"दोन महिन्यांनी नवी शेड सुरू होतेय," तो एकदा म्हणाला. "मुकादमीण विचारत होती. अंड्यांच्या सरकत्या पट्ट्यावर एक जागा तुझ्यासाठी ठेवते म्हणाली."

लग्नाआधी तिनं त्याच कारखान्यात चार वर्षं पट्ट्यापाशी उभं राहून काढली होती. पोटऱ्यांवरच्या निळ्या गाठाळ शिरा तिथल्याच. या घरात आली, कोंबड्यांमागे हिंडायला लागली, तेव्हा कुठं त्या शिरा थोड्या बसल्या होत्या. परत तिथं जायच्या विचारानंच तिच्या पायांत गोळे आले.

आणि दुसऱ्या दिवशी भांडी घासता घासता तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हात तसेच खरकटे घेऊन ती पडवीत आली.

"मामंजी, आपण इतकी वर्षं अंडी पाठवली. कुणाकडे तरी आपल्या कोंबड्या असतीलच की! आपल्याकडच्या मेल्या म्हणून जात मेली असं कुठंय? त्यांच्याकडूनच अंडी मागवू."

दादाचा चेहरा उजळेल असं तिला वाटलं होतं. तो भिंतीकडे बघत राहिला.

"कशाला उगाच," तो म्हणाला. "टपालातली अंडी. कुणाची निघाली असतील, कुणाची नसतील."

"निदान विचारू तरी."

"तुला काय करायचंय ते कर. मला त्यात ओढू नकोस."

तिला वाटलं, म्हातारा खचलाय. तिनं ट्रंकेतला जुन्या पत्रांचा डबा काढला आणि पत्ते वेगळे केले.

पत्रं लिहिणं तिला नवं नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून अंड्यांचं सगळं तीच बघायची. दादानं तिला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं: टपालाची अंडी आधी आंघोळ करून जातात. घरातला शब्दच तो, अंड्यांची आंघोळ. पातेल्यात पाणी तापवायचं. हात घातला तर झटकन काढावा लागेल, इतपत. अंडी तारेच्या टोपलीत घालून बुडवायची आणि तीनशे मोजायचे. मग फडक्यानं टिपायची, कागदात गुंडाळायची, भुशात उभी रचायची.

"आणि आपण घरी उबवतो त्यांना का नाही घालत आंघोळ?" तिनं तेव्हा विचारलं होतं.

"घरची घरात राहतात. टपालाच्या अंड्याला दहा ठिकाणचे हात लागतात, दहा ठिकाणचा रोग. टपालाशी संबंध आला की आंघोळ. विसरायचं नाही."

ती विसरली नाही. खोकं गेल्यावर तीन-चार आठवड्यांनी बहुतेकदा तक्रारीचं पत्र यायचं, की पिल्लं निघाली नाहीत. त्याचं उत्तरही तीच लिहायची, दादा सांगेल तसं. शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं: टपालात अंडी हलतात, त्याला आमचा इलाज नाही. ते वाक्य तिनं इतक्यांदा लिहिलं होतं की पेन आपोआप चालायचं. लोकही बिचारे ऐकायचे, आणि बरेचजण पुन्हा मागवायचे.

तिनं सव्वीस पत्रं लिहिली.

टपालवाली सायकलवरून यायची. जाडजूड बाई, बोलायला फटकळ. ती पत्रं पिशवीत टाकताना म्हणाली, "आता अंडी नाहीत तर पत्रं होय? बरंय. पत्रं हलली तर कुणी माझ्या नावानं शंख करणार नाही."

"तुमच्या नावानं कोण करतं?"

"कोण नाही करत ते विचारा. तुमचं खोकं मी मांडीवर तान्हं पोर घ्यावं तसं जपून नेते. तरी वरच्या ऑफिसात तक्रारी येतात, टपालखात्यानं अंडी मारली म्हणून. साहेबानं एकदा चारचौघांत झाडलं मला. अंडी काय मी उकडून खाते?"

सून ओशाळून हसली आणि आत गेली.

उत्तरं यायला लागली. पहिल्यानं लिहिलं होतं की अंडी कोरी निघाली, आत काही धरलंच नव्हतं. दुसऱ्यानं तेच. एकानं चार पानं भरून सल्ला पाठवला, कोंबडी त्याच्याकडे एकही नव्हती. एका बाईनं लिहिलं, 'तुमच्या दोन डझन अंड्यांवर माझी खुडूक कोंबडी अन्नपाणी सोडून बसली आणि त्यातच मेली. पुन्हा या पत्त्यावर लिहू नये.' ते वाचताना सुनेचे कान तापले. जणू समोरच कुणीतरी दार आपटलं होतं.

चौदा उत्तरं आली, चौदाही तशीच. दादा एकदाही विचारायचा नाही. ती पत्र वाचायला लागली की उठून परसात जायचा.

पंधरावं पत्र शिवणकाम करणाऱ्या एका बाईचं होतं. सुनेनं ते उभ्याउभ्याच वाचलं आणि ओरडली. दादा परसातून आला.

"सात निघाली होती, मामंजी! बारातली सात! ऐका. 'तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मागवली होती. पुढच्या वर्षी पुन्हा मागवली, ती सगळी वाया गेली, म्हटलं टपालाचं नशीब. त्या सातांची वीण अजून माझ्याकडे आहे. एक कोंबडा, तीन कोंबड्या. पण या महिन्याअखेर मी घर सोडून मुलीकडे राहायला जातेय, चौथ्या मजल्यावर. साथीमुळे जिवंत पक्षी गावाबाहेर न्यायची बंदी आहे, म्हणून खाटकाशी बोलणं केलंय. निघण्याआधी अंडी जमतील तेवढी पाठवते. पैशाचं नाव काढू नका, तुमचीच वस्तू तुम्हाला.'"

दादा खांबाला टेकला. "तीन वर्षांपूर्वी," तो म्हणाला. "पावसाळ्यात."

"हो."

"तेव्हा खोकं तूच बांधलं होतंस?"

"मीच."

"सगळं नेहमीसारखं केलं होतंस?"

"नेहमीसारखंच," ती म्हणाली, आणि तिची मान आपोआप खाली गेली.

कारण ते खरं नव्हतं. त्या पावसाळ्यात सासू शेवटचं अंथरूण धरून होती. तिचं अंग पुसायचं, कूस बदलायची, त्यात जळण भिजलेलं. दोनदा फुंकून फुंकून डोळे लाल झाले तरी चूल पेटली नाही. टपालवाली तर दारात उभी. तेव्हा तिनं अंडी नुसती फडक्यानं पुसली, बांधली आणि आंघोळ घातली म्हणून सांगितलं. त्या एका खोट्याचं तिला तीन वर्षं वाईट वाटत होतं. रोग लागला असता कुणाच्या घरी तर?

दादा तिच्याकडे बघत होता. काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं, तसंच मिटलं, आणि खुराड्याकडे गेला. थोड्या वेळानं हातोडीचा आवाज आला. साडेतीन महिन्यांत पहिल्यांदाच.

पुढचे दिवस त्या घरात बरे गेले, हे सांगायलाच हवं. दादानं जाळी बदलली, दांडे तासले. जेवताना तो स्वतःहून बोलायला लागला. "कोंबडा निघाला तर त्याच्या तुऱ्याकडे बघायचं. तुरा पडका असला तर ठेवायचा नाही." मुलगा हसून म्हणाला, "आधी निघू तर द्या." शेजारणीकडे एक तांबडी खुडूक कोंबडी होती, बुडाखाली काही नसताना बसून राहणारी. ती मागून आणली. "अंडी निघाली तर पट्ट्यावर नाही ना जायचं मला?" सुनेनं नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "निघाली तर कशाला जाशील? मुकादमिणीला मी सांगतो."

दादाच्या डोळ्यात मोतीबिंदू होता आणि दवाखान्याची तारीख आधीच ठरलेली होती. "खोकं आलं तर?" तो निघताना म्हणाला. "खोकं मी उघडीन."

"मामंजी, दोन दिवसांत येणारच आहात. आलंच तर मी बघते. मला काय नवीन आहे?"

ते खरंच होतं. तिला त्यात नवीन काही नव्हतं.

खोकं त्याच दिवशी दुपारी आलं. टपालवालीनं सायकल भिंतीला न टेकवता स्टँडवर लावली, दोन्ही हातांनी खोकं उचलून आणलं आणि सुनेच्या हातात देताना म्हणाली, "घ्या. एकदाही आपटलेलं नाही. मी स्वतः गाडीतून उतरवून घेतलंय."

आत दहा अंडी होती. प्रत्येक वेगवेगळ्या कापडाच्या तुकड्यात बांधलेलं: फुलाफुलांचं, चौकडीचं, कुणाच्या सदऱ्याचं, कुणाच्या परकराचं. शिवणवालीनं टोकांना टाका घालून पुरचुंड्या केल्या होत्या. एक अंडं तडकलेलं निघालं. बाकीची नऊ धड होती, पण मळकट. दोन-तीन अंड्यांवर विष्ठेचे वाळलेले डाग होते. ते डाग बघून सुनेनं हात मागे घेतला. आठ दिवसांत मेलेल्या कोंबड्या तिला दिसल्या, पोती दिसली. परगावची अंडी, टपालातून आलेली, दहा ठिकाणचे हात लागलेली. या वेळी ती कसूर करणार नव्हती. तीन वर्षांपूर्वी केली होती तेवढी पुरे.

जळण कोरडं होतं. चूल एका काडीत पेटली. पाणी तापलं तसा तिनं हात घालून बघितला आणि झटकन काढला. मग नऊ अंडी तारेच्या टोपलीत घालून अलगद बुडवली आणि मोजायला लागली. मध्ये शेजारीण हाक मारत आली तर तिनं हातानंच थांब म्हणून खूण केली, आकडा चुकू नये म्हणून. तीनशे झाल्यावर टोपली वर काढली. अंडी स्वच्छ, गुलाबीसर, ऊबदार. ती एकेक टिपून भुशात टोक खाली करून ठेवताना तिला इतकं बरं वाटलं की ती गुणगुणायला लागली.

एक दिवस अंडी तशीच विसावू दिली. मग तांबडीच्या खाली सरकवली. तांबडीनं चोचीनं एकेक आत ओढून घेतलं आणि अंग पसरलं.

दादा डोळ्याला पट्टी बांधून आला. चपलाही न काढता खुराड्याशी गेला.

"किती?"

"नऊ. एक तडकलं होतं."

"नऊ म्हणजे पुष्कळ," तो म्हणाला. पट्टीखालून पाणी आलं, ते त्यानं दवाखान्याच्या नावावर खपवलं.

सात दिवस तो त्या कोंबडीपाशीच होता. ती दिवसातून एकदा उठायची, दाणे टिपायची, पाणी प्यायची. तेवढ्या वेळात दादा अंड्यांवर तळहात धरून बसायचा. सून लाकडं फोडायची, खुराड्याच्या मागं पिल्लांसाठी कुंपण घालायची. हाताला फोड आले, ते फुटले, तरी तिचं काम थांबलं नाही. तिला आता पट्टा आठवतही नव्हता.

सातव्या दिवशी दुपारी दोघं कोठीच्या खोलीत गेली. खिडकीला पोतं लावलं, दार ओढून घेतलं. भोक पाडलेल्या डब्यात बॅटरी ठेवली. सातव्या दिवशी आत लाल शिरांचं जाळं दिसतं आणि मध्ये हलणारा ठिपका. घरच्या अंड्यांत तिनं तो शेकडो वेळा बघितला होता.

पहिलं अंडं भोकावर धरलं. नुसता पिवळा उजेड.

"कोरं," ती म्हणाली. "असू दे. एखादं असतंच."

दुसरं कोरं. तिसरं. चौथ्याला तिनं उलटसुलट फिरवून बघितलं. सहाव्यानंतर ती बोलायची थांबली. नववं तिनं बराच वेळ धरून ठेवलं, बोटं तापेपर्यंत.

"मला दे," दादा म्हणाला. त्यानं चांगल्या डोळ्यानं एकेक अंडं पुन्हा बघितलं. नऊच्या नऊ.

"मी काही चुकवलं नाही हो, मामंजी," सून म्हणाली. "एक दिवस विसावू दिली. टोक खाली ठेवलं. आंघोळसुद्धा घातली, बरोबर तीनशे मोजून."

दादाच्या हातातलं अंडं तसंच राहिलं.

"टपालाची म्हणून," ती पुन्हा म्हणाली. "तुम्ही सांगितलं होतं तशी."

"टपालात अंडी हलतात," दादा म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता. "त्याला आपला इलाज नाही."

ते वाक्य तिनं किती वेळा लिहिलं होतं! पण लिहिताना ते कधी कानानं ऐकलं नव्हतं. आता ऐकलं, आणि तिच्या डोळ्यांसमोर ती पावसाळ्यातली चूल आली. न पेटलेली. लिहिलेली सव्वीस पत्रं आली. उत्तरांतली चौदा कोरी आणि एक सात पिल्लांचं.

"मामंजी," ती हळू म्हणाली, "त्या पावसाळ्यात मी आंघोळ घातली नव्हती. चूल पेटली नाही म्हणून. मी खोटं सांगितलं होतं तुम्हाला."

दादानं मान डोलावली. त्याला ते पत्र आलं त्याच दिवशी कळलं होतं.

"म्हणजे आंघोळीनंच अंडं मरतं. कधीपासून चाललंय हे?" तिनं विचारलं.

"तू यायच्याही आधीपासून. एकाला चांगली दिली होती, अगदी सुरुवातीला. दोन वर्षांत तो माणूस माझ्याच कोंबड्या मला विकायला दारात आला. माझ्याच! वर म्हणतो, अशी जात तुम्ही बघितली नसेल." त्यानं अंडं भुशात ठेवलं. "त्याच्या कोंबड्या पुढं कुत्र्यांनी मारल्या. मला बरं वाटलं होतं."

"आणि पत्र आल्यावर? तेव्हा का नाही सांगितलंत?"

"सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं. म्हटलं, खोकं मीच उघडीन, मग कशाला सांगायचं? तुझ्यापुढं काय तोंड राहिलं असतं?"

तिला त्याचा भयंकर राग आला, आणि राग आला तरी काही करता येत नाही म्हणून रडू आलं. आपल्या हातांकडे बघवेना. अन्नपाणी सोडून मेलेली ती दुसऱ्या बाईची खुडूक, टपालवालीला चारचौघांत झाडणारा साहेब, सगळ्यात तिचे हात होते. शिवणवालीच्या कोंबड्या एव्हाना खाटकाकडे गेल्या असतील. आता कुणाला लिहायचं?

संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, "काय दिसलं?" तिनं सांगितलं, "कोरी निघाली." का ते सांगितलं नाही. दादा तिथंच बसला होता. तो सांगेल म्हणून तिनं वाट बघितली. त्यानं सांगितलं नाही.

"मुकादमिणीला मग हो म्हणू?" नवरा म्हणाला.

"म्हण."

तांबडीला अंड्यांवरून उठवायला सून गेली तेव्हा दादा मध्ये उभा राहिला. "एकवीस दिवस होऊ देत," म्हणाला. तिनं वाद घातला नाही. वाद घालायला तिच्याकडे काही उरलं नव्हतं.

नवी शेड सुरू झाली. पट्ट्यावर तिला दिव्याची जागा मिळाली. काचेखाली दिवे, काचेवरून अंडी सरकत जातात, आत डाग दिसेल ते उचलून बाजूला टाकायचं. पिंजऱ्यांत कोंबडा नसतोच, त्यामुळे दिवसभर समोरून कोरी अंडी जात राहतात. पहिल्याच आठवड्यात पोटऱ्यांवरच्या शिरा वर आल्या.

एकविसावा दिवस कामातच गेला. संध्याकाळी ती लंगडत घरी आली तर दादा पडवीत बसला होता. पुढ्यात नऊ अंडी, आणि मांडीवर एक पत्र. तांबडी मोकळी सुटून परसात माती उकरत होती.

"टपालवाली देऊन गेली," तो म्हणाला. "वाच."

शिवणवालीनं चौथ्या मजल्यावरून लिहिलं होतं. 'हे पत्र पोचेल तेव्हा एकवीस दिवस भरत असतील. सकाळपासून मन तिकडेच आहे. किती निघाली? माझी बांधणी कच्ची झाली नव्हती ना?'

सुनेनं कागद घेतला. पेन उघडलं.

"काय लिहू?"

"लिही," दादा म्हणाला, "टपालात..." आणि थांबला.

मग तिनं आपल्या मनानं लिहिलं आणि त्याला वाचून दाखवलं: 'बाई, तुमची अंडी चांगली होती. तुमच्या बांधणीत खोट नव्हती. टपालाचीही चूक नव्हती.'

"मग?" दादानं विचारलं.

तिनं कागद त्याच्या मांडीवर ठेवला, पेन त्याच्या हातात दिलं आणि पाय शेकायला पाणी ठेवायला चुलीकडे गेली. पाणी तापेपर्यंत तिनं दोनदा वळून बघितलं. दादा पेन धरून बसला होता, आणि कागदावर तिच्या तीन ओळींखाली काही नव्हतं.